मधल्या जाळीची हवा

"ही उजवीकडची जाळी बघा," हरकरे मास्तर म्हणाले. "बर्फासारखी हवा येते. आणि ही मधली. नुसती फुंकर. एकाच गाडीत दोन ऋतू."

मास्तर स्टिअरिंगमागे बसले होते. दोन्ही हात त्यांनी डॅशबोर्डच्या जाळ्यांसमोर धरले होते, उजवा दाराकडच्या आणि डावा मधल्या. मी दार उघडं धरून वाकून उभा होतो. इंजिन चालू, एसी पूर्ण सोडलेला, आणि माझ्या पाठीवर वर्ध्याचा मे महिना.

"मला तर गार लागतंय," शेजारच्या सीटवरून कुंदाताई म्हणाल्या. त्या मास्तरांच्या पत्नी.

"तुझी जाळी वेगळी."

"मधलीच म्हणतेय मी."

"कुंदा, गाडी मी चालवतो."

मी आत हात घालून पाहिला. मला दोन्हीकडची हवा सारखीच वाटली, पण उन्हात तापलेल्या हातावर किती भरवसा ठेवायचा? गिऱ्हाईक ती गाडी रोज चालवतं. त्याला काही जाणवत असेल तर ते असणारच, असं मी धरून चालत असे. त्यातून गाडी जुनी. जुन्या गाडीचा एसी म्हणजे दर उन्हाळ्यात नवीन तक्रार.

माझं वर्कशॉप नागपूर रोडला होतं. पुढे एक शटर, वर पत्रा, आणि मागे दोन खोल्या. त्या खोल्यांत मी आणि माझी माय राहायचो. मधल्या दारावर एक जाड पडदा होता. गिऱ्हाईक आलं की माय त्या पडद्यापलीकडे जायची आणि गाडी निघून गेल्याचा आवाज आल्याशिवाय बाहेर यायची नाही. तो तिचाच नियम होता. वर्कशॉप सुरू केलं त्या दिवशीच तिनं तो घालून घेतला होता.

हरकरे मास्तर मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचे आणि घरी तबल्याचे वर्ग घ्यायचे. पन्नाशीला आलेले, अंगानं सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद. वर्ध्यात अर्धी लग्नं आणि सगळे गणेशोत्सव त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तबल्यावर व्हायचे. नागपूरच्या एका मोठ्या मंडळानं त्यांना येत्या पावसाळ्यात एकल वादनाला बोलावलं होतं. जन्मभर ते दुसऱ्याच्या गाण्याला साथ करत आले होते. एकट्यानं बसून तबला वाजवायचा आणि लोकांनी तो ऐकायचा, हे त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. त्याच्या तयारीसाठी ते दर रविवारी नागपूरला एका सारंगीवाल्याकडे जात. मागच्या सीटवर तबला आणि डाव्या हातानं वाजवायचा डग्गा ठेवलेला असे.

"उन्हानं तबला चढतो," ते मला म्हणाले होते. "चामडं ताणतं. नागपूरला पोचेपर्यंत सूर कुठल्या कुठे गेलेला असतो. गाडी सगळीकडून सारखी गार पाहिजे."

मी काम सुरू केलं. बॉनेट उघडलं तर पुढच्या जाळीत धूळ आणि कडुनिंबाचा पाला गच्च बसलेला. तिथून वारा जाणार कुठून? पाण्यानं धुऊन काढली. गॅस तपासला, थोडा कमी होता, भरला. मास्तरांनी पुन्हा हात धरून पाहिले.

"आता आहे," ते म्हणाले. पण चेहरा खात्रीचा नव्हता.

पुढच्या सोमवारी गाडी परत दारात.

"तेच आहे," मास्तर म्हणाले. "उजवीकडून गार, मधून काहीच नाही."

जुन्या गाडीत असं होतं. गरम आणि गार हवा मिसळणारी एक फळी डॅशबोर्डच्या पोटात असते. ती अडकली की एसी कितीही चालला तरी हीटरची ऊब त्यात मिसळत राहते. ती बघायची म्हणजे अर्धी गाडी उसकटायची. मी उसकटली. ग्लोव्ह बॉक्स काढला, खालचं कव्हर काढलं, सीटवर उताणा पडून डोकं पायदानापाशी घातलं. फळी मोकळी होती. तरी साफ केली. हीटरकडे जाणारी गरम पाण्याची नळी मी बाहेरूनच बंद करून टाकली. म्हणजे ऊब यायला रस्ताच राहिला नाही.

कुंदाताई त्या दिवशी एकट्याच बाकावर बसून होत्या. मास्तर तबल्याच्या वर्गासाठी घरी गेले होते.

"सुखदेवभाऊ," त्या म्हणाल्या, "खरंच आहे का हो काही? की उगाच?"

"बघतोय, ताई."

"सध्या यांचं सगळ्याच वस्तूंशी भांडण चाललंय. डग्ग्याची पुडी, वरचं चामडं हो, दोनदा बदलून आणली. म्हणतात घुमत नाही, कारागीर बनेल झालेत. चहाचा कप हातातून पडला तर म्हणे कपाचा कान गुळगुळीत. शर्टाची बटणं मोठी शिवून घेतली. आता ही गाडी." त्यांनी पदरानं घाम पुसला. "कार्यक्रमाचं दडपण असेल. मी काही बोलत नाही."

मला वाटलं, असेल दडपण.

तिसऱ्यांदा मास्तर आले तेव्हा चिडलेले होते. सकाळची वेळ होती आणि ते एकटेच होते. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत.

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी नागपूरला दाखवतो."

"एकदा मी शेजारी बसतो, मास्तर. तुम्ही चालवा."

आम्ही सेवाग्रामच्या रस्त्याला लागलो. माझ्याकडे लांब दांडीचा एक तापमापक होता. तो मी आधी मधल्या जाळीत खोचला, थोड्या वेळानं त्यांच्या बाजूच्या. काटा दोन्हीकडे एकाच आकड्यावर थांबला. मास्तरांना दाखवला.

"यंत्राला काय कळतं," ते म्हणाले आणि डाव्या तळहाताची कड मधल्या जाळीवर ठेवली. "माझ्या हाताला कळतंय ना. काही नाही इथं. शून्य."

माझा हात त्याच जाळीसमोर, त्यांच्या हाताच्या खाली होता. माझी बोटं गारठली होती.

"मास्तर, गाडी जरा बाजूला घ्या."

त्यांनी बाभळीच्या सावलीत गाडी थांबवली.

"आता उजवा हात इथं ठेवा. मधल्या जाळीवर."

त्यांनी वळून उजवा हात ठेवला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आली. बघा, आत्ता आली. मी म्हणत नव्हतो? कधी येते, कधी नाही. कुठंतरी तार सैल आहे तुमची."

"आता डावा ठेवा."

त्यांनी हात बदलला. "गेली," ते म्हणाले. "बघितलंत? तेच मी सांगतोय."

मी बघितलं होतं. करंगळीच्या बाजूला तळहाताच्या कडेवर फोड येऊन फुटलेला होता. कडा काळी पडली होती.

"हे काय झालं?"

"हे होय? गॅसवरचं भांडं उचललं असेल. माझ्या लक्षातही आलं नाही. कुंदानं विचारलं तेव्हा दिसलं." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"बाही जरा वर करता?"

"कशाला?"

"बघतो."

त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली. कोपराच्या थोडं खाली एक फिकट चट्टा होता. हातभर घाम होता आणि तेवढी जागा मात्र कोरडी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळल्यासारखं दिसत होतं. अगदी थोडं. ज्यानं असे हात पाहिले नाहीत, त्याला दिसलंही नसतं.

मी बाही खाली करायला सांगितली. परत येईपर्यंत एसीबद्दल काहीतरी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. गाडी इथंच ठेवा, संध्याकाळी ताईंना घेऊन या, एवढं सांगून त्यांना रिक्षात बसवलं.

दुपारी मायनं ताट वाढलं. मी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच बसून राहिलो.

"जेवत काहून नाही?" माय म्हणाली.

"भूक नाही."

"सकाळपासून तोंड उतरलं हाय तुहं. मास्तर बोलला का काही?"

मी सांगितलं. जाळीचं सांगितलं, फोडाचं सांगितलं, चट्ट्याचं सांगितलं. ती ऐकत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. त्या हातांना बोटं अशी उरली नव्हती, उजव्याचा अंगठा तेवढा होता. पातेलं ती दोन्ही मनगटांच्या मधे फडकं धरून उचलायची. भाकरी मी थापायचो.

माझं लहानपण गावाबाहेरच्या एका वसाहतीत गेलं. तिथं सगळ्यांच्याच घरी असे हात होते. तिथल्या दवाखान्यातल्या ताई नव्या माणसाला डोळे मिटायला लावून कापसाच्या टोकानं हाताला स्पर्श करत आणि विचारत, कुठं लागलं? आम्ही पोरं खिडकीतून बघायचो आणि तोच खेळ आपापसात खेळायचो. माझ्या हातांना सगळं कळायचं. म्हणून मी आयटीआयला गेलो, शहरात आलो, दुकान टाकलं. इथं मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि मायनंही सांगू दिलं नव्हतं. हात बघितले तर कोणी गाडीची किल्ली देणार नाही, असं ती म्हणायची.

"सांगतलं का त्याले?" तिनं विचारलं.

"कसं सांगू? मी काय डॉक्टर हाओ? दुसरंही काही असू शकते. साखरेनंही हात बधिर होते."

"मंग डॉक्टर पाहीन ना ते. पाठवलं का डॉक्टरकडं?"

"नाही."

मायनं पाण्याचा तांब्या दोन्ही मनगटांत धरून माझ्याकडे सरकवला.

"भाकर भाजताना माह्या हाताचा वास आला होता पहिले," ती म्हणाली. "तवा लागला होता आणि मले वास येऊन राह्यला होता. घरच्यायनं म्हटलं, किती सोशिक बाई हाय. मलेही बरं वाटलं." ती किंचित हसली. "आमच्या शेजारी एक बाई होती. तिच्या माहेरी कोणाले तरी झालं होतं, तिले चट्टे ओळखता येत. तिनं माहा चट्टा पाह्यला आणि त्या दिवसापासून आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं. मले मात्र काही बोलली नाही. तवाच बोलली असती तर..."

तिनं माझ्या ताटाकडे मान केली.

"जेव आता," ती म्हणाली.

मास्तर आणि कुंदाताई उन्हं उतरल्यावर आले. मी शटर अर्धं खाली ओढलं. मास्तरांना वाटलं, बिलाचं काही बोलायचं असेल.

"गाडीत दोष नाही, मास्तर," मी म्हणालो. "एसी चांगला चालतोय."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"नाही. तुम्ही खरं सांगताय. बसा इथं. डावा हात पुढं करा आणि डोळे मिटा. मी हाताला स्पर्श केला की सांगा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"करा ना," कुंदाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

मी कापसाची वात करून घेतली होती. आधी ती अंगठ्याला लावली. "हो," मास्तर म्हणाले. पहिल्या बोटाला लावली. "हो." मग करंगळीला लावली. तळहाताच्या कडेला लावली. फोडाच्या शेजारी लावली. चट्ट्यावर लावली, फिरवली, जरा दाबली.

मास्तर डोळे मिटून वाट बघत होते.

"लावा ना," ते म्हणाले.

कुंदाताईंनी तोंडावर हात दाबून धरला होता.

"लावा की. थांबलात का?"

"उघडा डोळे, मास्तर."

त्यांनी डोळे उघडले. वात चट्ट्यावरच होती. त्यांनी वातीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बायकोच्या चेहऱ्याकडे.

"मोठ्या दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरांना दाखवा," मी म्हणालो. "उद्याच."

"कशासाठी? नाव घ्या."

"मी डॉक्टर नाही."

"नाव घ्या म्हणतोय मी."

मी घेतलं. कुष्ठरोग असू शकतो म्हणालो, नसेलही, पण बघून घ्या.

ते उठून उभे राहिले. बाक मागे सरकून भिंतीला लागला. मास्तरांना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं आणि तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"गाडी दुरुस्त करता येत नाही, म्हणून माणसाला रोग चिकटवता? आमच्या घराण्यात असलं काही कधी कोणाला झालेलं नाही. शाळेत मुली आहेत माझ्या हाताखाली. हे बोलणं बाहेर गेलं तर काय होईल, कळतं तुम्हाला? आणि तुम्हाला काय माहीत त्या रोगाचं? कुठं शिकलात?"

मी कापसाची वात खिशात टाकली.

"माह्यापासून शिकला तो," मागून आवाज आला.

पडदा सरकला होता. माय दारात उभी होती. गिऱ्हाईक असताना ती त्या दारात उभी राहिलेली मी कधीच पाहिली नव्हती.

"माय, तू आत जाय."

"तू गप्प बस थोडा," ती म्हणाली. पाय ओढत ती पुढं आली. हत्यारांच्या पेटीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. पदराखाली घेतले नाहीत. मास्तर एक पाऊल मागे सरकले. तिनं ते बघितलं, पण तिचा चेहरा हलला नाही.

"बसा, मास्तर. पाहून घ्या. लोक पाहत नाहीत, म्हणून भेव वाटते."

मास्तर बसले नाहीत. पण गेलेही नाहीत.

"हे आपोआप झडत नाहीत," माय आपल्या हातांकडे बघत म्हणाली. "सगळ्यायले वाटते का झडतात. तसं नाही. चटका बसते, कळत नाही. काटा लागते, कळत नाही. चिघळते. मंग एकेक जाते. तुमची दहाही हायेत अजून. माह्या वक्ती इथं गोळ्या मिळत नव्हत्या. आता मिळतात. सरकारी दवाखान्यात देतात, वर्षभर घ्याच्या. मंग रोग जाते."

"आणि नाही गेला तर?" मास्तरांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी तिला काही विचारलं होतं.

"रोग जाते. पण गेलेलं बोट येत नाही. म्हणून म्हणतो, उद्या जा. कार्यक्रम झाल्यावर नका जाऊ."

मास्तरांनी झटकन माझ्याकडे बघितलं. कार्यक्रमाचं मी तिला सांगितलं नव्हतं. पडद्यामागून ती सगळंच ऐकायची.

"डग्गा घुमत नाही ना?" माय म्हणाली.

मास्तर खाली बसले. बाकावर नाही, तिथंच टायरवर. डावा हात त्यांनी उजव्या हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी तीन महिने त्या चामड्याला शिव्या घालतोय."

कुंदाताई मायच्या जवळ गेल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण प्रश्न सरळ होते. डॉक्टर कधी भेटतात, उपाशी जायचं का, घरी मुलगी आहे, तिला होईल का. माय एकेकाचं उत्तर देत होती. पोरीलेही दाखवून घ्या. औषध सुरू झालं का दुसऱ्याले होत नाही. ताटवाटी वेगळी करू नका, त्याची गरज नाही, आणि त्यानं माणूस आधी मरते.

जाताना मास्तर मायसमोर थांबले. हात जोडायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले, जणू तिच्यासमोर हात जोडावेत की नाही हेच त्यांना समजेना. मग नुसती मान लववून बाहेर गेले. किल्ली कुंदाताईंनी घेतली. त्यांना गाडी येते हे मला तेव्हा कळलं. पहिल्या गिअरमध्ये गाडी दोनदा गचकली आणि मग रस्त्याला लागली.

दवाखान्यात निदान तेच निघालं. कुंदाताईंनी दुकानात फोन करून सांगितलं. नसेला सूज होती म्हणून गोळ्यांबरोबर आणखी औषधं दिली, हाताला रात्री बांधायला पट्टी दिली, बोटांचे व्यायाम शिकवले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मुलीला काही नव्हतं.

नागपूरचा कार्यक्रम मास्तरांनी रद्द केला. मंडळाला कारण काय सांगितलं, मला माहीत नाही. वर्ध्यात त्यांनी हाताची नस आखडली म्हणून सांगितलं. सहा-सात महिने ते वाजवत नव्हते, नुसते तोंडानं बोल म्हणत आणि मुली वाजवत. हाताला हळूहळू कळायला लागलं, पूर्ण नाही. करंगळी थोडी वाकडी राहिली. दुसऱ्या वर्षी त्यांनी डावा हात बसवायची पद्धतच बदलली, मनगट जरा पुढे घेतलं, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या गाण्याला साथ केली. मी मागे उभा राहून ऐकली. मला तबल्यातलं काही कळत नाही. कुंदाताई पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांचं लक्ष गाण्याकडे नव्हतं, फक्त त्या हाताकडे होतं.

त्यानंतर मास्तर गाडी घेऊन यायचे, गाडीला काही झालेलं नसलं तरी. बाकावर बसायचे, मायशी बोलायचे. काय बोलायचे मला नेहमी ऐकू यायचं नाही, मी कुठल्यातरी गाडीखाली असायचो. त्यांनी आपला आजार गावात कोणाला सांगितला नाही, शेवटपर्यंत. मला त्यात काही वाटत नाही. सांगितल्यावर काय होतं ते मला वर्षभरातच कळलं.

कारण त्या संध्याकाळनंतर माय पडद्यामागे गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर ती सुपात डाळ घेऊन बाहेर येऊन बसली. आत उजेड कमी आहे, खडे दिसत नाहीत, एवढंच म्हणाली.

बरीच गिऱ्हाइकं आली तशीच येत राहिली. काहींनी बघून न बघितल्यासारखं केलं. एकजण चटकन विचारून मोकळा झाला, काय झालं होतं म्हणून, आणि मग त्यानं आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली.

पुढच्या उन्हाळ्यात एक ओळखीचे व्यापारी आले. पहिल्यापासून त्यांच्या तीन गाड्या मीच बघायचो, पण वर्षभर त्या त्यांचा ड्रायव्हरच आणत होता. एसीतून कुबट वास येत होता. मी दार उघडून आत वाकलो होतो. ते बाहेर उभे होते आणि मायकडे बघत होते. ती लसूण सोलत होती, अंगठा आणि मनगट यांच्यात पाकळी धरून.

"कोण आहे ही?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

मी सरळ उभा राहिलो.

"माझी माय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, अरे, मला एक काम आठवलं, गाडी नंतर आणतो. किल्ली परत मागताना त्यांनी हात पुढे केला नाही. ती सीटवर ठेवा म्हणाले. मी ठेवली. ते बसले, काच वर केली आणि गाडी मागे घेतली.

रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

"गेला का?" माय म्हणाली.

"गेला."

तिनं लसणाच्या साली झटकल्या आणि हात टेकून उठली.

"बरं," ती म्हणाली. "मंग चहा दोघापुरताच ठेवतो."